तुटक्या ग्रॅनाइटचा ओटा

सोनईच्या घराचं स्वयंपाकघर आम्ही नवं केलं, तेव्हाची गोष्ट सांगतो. माझ्या बायकोला, मंगलला ओट्यावर ग्रॅनाइटच हवा होता आणि आमच्या पैशात जेमतेम कडप्पा बसत होता. नगरच्या दुकानात मी कडप्प्याचा भाव विचारतोय, तोवर ती मागं जाऊन एक काळीभोर ग्रॅनाइटची लादी हेरून आली. पण लादी मधोमध तुटून तिचे दोन तुकडे झालेले!

दुकानदार म्हणाला, "ताई, कडप्प्याच्या भावात घेऊन जा. तशीही पडूनच हाय."

टेम्पोतून ते तुकडे उतरले आणि आमच्या गवंड्यानं, पोपटरावांनी कपाळाला हात लावला.

"वहिनी, मधी जोड आला की लई वंगाळ दिसंल."

मलाही तेच वाटत होतं. पैसे पाण्यात गेले, असंच मी धरून चाललो.

मंगल म्हणाली, "भाऊ, सिंक बसवायला लादी कापावीच लागंल ना?"

"व्हय."

"मग तुटलीय तिथंच कापा."

पोपटरावांनी तिच्याकडं बघितलं, टेप काढला आणि दोनदा मोजलं. संध्याकाळी सिंक बसलं, तेव्हा जवळजवळ सगळा जोड त्याच्या भोकात गेला होता. उरलेला दोन बोटांचा जोड शोधायला मला चष्मा घालावा लागला.

आठ दिवसांनी पोपटराव एका जोडप्याला ओटा दाखवायला घेऊन आले. त्या गृहस्थांनी मला विचारलं, "इंजिनिअर कोण होता हो तुमचा?"

पोपटराव म्हणाले, "होता न्हाई, होत्या. ह्या काय, भाकरी थापत्यात."