दारावरची पाटी

(दोघी जावा. धाकटी हॉटेलात खोल्या आवरते. मोठी पूर्वी दुसऱ्या एका हॉटेलात तेच काम करायची. मोठी धाकटीच्या गणवेशाला इस्त्री करते आहे आणि करता करता ‘साहेब’ झाली आहे.)

मोठी : हात मागे नको घेऊस, काहीतरी लपवतेयस असं वाटतं. हं. पुन्हा पहिल्यापासून. मी साहेब. गुड मॉर्निंग.

धाकटी : गुड मॉर्निंग सर. हाऊ आर यू सर.

मोठी : अगं, साहेबाची तब्येत विचारायची नाही! ते पाहुण्यांसाठी. साहेबाला नुसतं गुड मॉर्निंग, की गप्प. मग तो विचारेल, बाथरूमचा मिरर कोणी ब्रेक केला?

धाकटी : सॉरी सर. माय मिस्टेक. नेक्स्ट टाइम आय विल बी केअरफुल.

मोठी : वा! कुठे अडखळली नाहीस. असंच म्हण, साहेब विरघळलाच म्हणून समज.

धाकटी : ताई, पण मी फोडला नाही.

मोठी : काय?

धाकटी : आरसा. मी खोलीत शिरले तेव्हाच तडा होता. नळापासून वरपर्यंत. मी तो पुसलाही सांभाळून.

मोठी : मग काल त्या सुपरवायझर मॅडमना सॉरी कशाला म्हणालीस?

धाकटी : तुम्हीच शिकवलंत म्हणून.

मोठी : मी?

धाकटी : तुम्हीच. ‘समोरच्याचा आवाज चढला की आधी सॉरी, मग माय मिस्टेक, मग केअरफुल. एका दमात म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.’ मॅडम आरशाकडे बोट दाखवून भराभरा बोलत होत्या, मला एक अक्षर कळेना. आवाज चढलेला तेवढा कळला. म्हणून टाकलं एका दमात.

मोठी : आणि त्या?

धाकटी : एकदम शांत झाल्या. खूश झाल्यासारख्या. मला वाटलं, मिटलं. खाली आल्यावर लिफ्टवाला म्हणाला, ‘काय गं, कबूल करून टाकलंस म्हणे? आता उद्या साहेबांपुढे उभी राहा.’

मोठी : कर्म माझं. हे मला रात्रीच का नाही सांगितलंस?

धाकटी : मी आरशाचं नाव काढल्या काढल्या तुम्ही म्हणालात, ‘फोडलास तर फोडलास, आता सॉरी नीट पाठ कर.’ मी पाठ करत बसले.

मोठी : धन्य आहेस बाई. बरं, ऐक. फोडला असो की नसो, तू सॉरीच म्हण. साहेब दोन शब्द बोलेल, सोडून देईल.

धाकटी : आणि नाही सोडलं तर? यांचा कारखाना उघडायचं नाव घेत नाही. घर माझ्या या नोकरीवर चाललंय, ताई.

मोठी : म्हणूनच सांगतेय ना! सॉरीने नोकरी टिकते.

धाकटी : तुमची टिकली?

मोठी : माझे गुडघे गेले, म्हणून सोडली मी. साऱ्या घराला माहीत आहे.

धाकटी : ते घराला माहीत आहे. पण मी तुमच्याबरोबर रोज जिने चढते. तुम्ही माझ्यापुढे असता.

मोठी : बाहीला चुणी राहिलीये बघ. पाणी दे ते इकडे.

धाकटी : हे घ्या. ताई, ‘मी केलं नाही’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

मोठी : सोपं आहे की. आय... थांब हं. यस मॅडम. राइट अवे सर. वन मिनिट प्लीज. हॅव अ नाइस डे. थांब, येईल. एवढी वर्षं काढली मी तिथे.

धाकटी : येतंय?

मोठी : नो प्रॉब्लेम.

धाकटी : म्हणजे?

मोठी : म्हणजे काही हरकत नाही.

धाकटी : हरकत तर आहे ना पण.

मोठी : कळलं गं, डोकं नको खाऊस! मला नाही येत. झालं समाधान? ते वाक्य कधी कोणी शिकवलंच नाही. पहिल्या दिवशी जी वाक्यं शिकवली, त्या सगळ्यांत मान खालीच होती. मी तीच तुला दिली.

धाकटी : ते वाक्य कधी लागलं नाही का तुम्हाला?

मोठी : एकदा लागलं.

धाकटी : कधी?

मोठी : एका बाईंची इअररिंग हरवली. मोत्याची. मी चादर बदलली होती, म्हणून मलाच बोलावलं. बाई रडत होत्या. आमच्या सुपरवायझर मॅडमचा आवाज चढला. मी म्हटलं, सॉरी मॅडम. माय मिस्टेक.

धाकटी : केअरफुल पण म्हणालात?

मोठी : केअरफुल पण म्हटलं. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. मला वाटलं, बाहेर थांबायला सांगतायत. बराच वेळ थांबले की बाहेर.

धाकटी : सापडली का ती?

मोठी : मला कोण कळवणार?

धाकटी : आणि घरी?

मोठी : घरी गुडघे सांगितले. गुडघ्यांना कोणी उलट प्रश्न विचारत नाही. राग फार आला होता तेव्हा. कोणावर काढायचा ते कळेना, मग राहिला तसाच.

धाकटी : ताई, इस्त्री! कॉलर जळेल!

मोठी : सॉरी, सॉरी!

धाकटी : मला कशाला सॉरी?

मोठी : सवय गं. बघू... नाही जळली. जरा पिवळी पडलीये. आतल्या बाजूला आहे, दिसणार नाही.

धाकटी : ताई, दारावर ती पाटी असते ना, मुठीला लटकवलेली? लाल.

मोठी : डू नॉट डिस्टर्ब. आत यायचं नाही, त्रास द्यायचा नाही.

धाकटी : आणि हॉटेलच्या जिन्यात परवा रंग दिला, तिथे डू नॉट टच लिहिलं होतं. म्हणजे ते डू नॉट असलं, की नाही असं होतं.

मोठी : अगं, ती पाटी पाहुण्यांची. त्यांनी लावायची, आपण वाचून मागे फिरायचं.

धाकटी : वाचलीये ना पण? आय डू नॉट ब्रेक मिरर. चालेल?

मोठी : काहीतरीच. चुकीचं असणार ते.

धाकटी : असू दे. चूक काढायला का होईना, साहेब ऐकतील तरी.

मोठी : त्या पाटीवरचं तोंडावर म्हणायचं म्हणजे जरा उद्धट वाटतं हो.

धाकटी : सर लावते पुढे.

मोठी : हं. सर लाव. आवाज वर नको न्यायला. आणि म्हणून झाल्यावर थांब. त्याच्या कपाळाला आठ्या पडतील, तुझ्या तोंडात सॉरी येईल. गिळून टाक.

धाकटी : आलं तर?

मोठी : येणारच. माझ्या तोंडात अजून येतं. हा घे गणवेश, घाल. आणि उभी राहा समोर. मी साहेब. मिरर कोणी ब्रेक केला?

धाकटी : सर. आय डू नॉट ब्रेक मिरर.

मोठी : मग कोणी केला?

धाकटी : सॉ...

मोठी : गीळ!

धाकटी : आय डू नॉट ब्रेक मिरर, सर.

मोठी : पुन्हा.

धाकटी : आय डू नॉट ब्रेक मिरर.

मोठी : जमतंय. मान जरा वर. थांब, मी म्हणून दाखवते, माझ्याकडे बघ. आय डू नॉट टेक इअररिंग.

धाकटी : ताई, मला मिरर म्हणायचंय.

मोठी : हो गं. तू मिररच म्हण.