सायीवरून भांडण

बस दवाखान्याच्या रस्त्याला लागली. माझ्या पुढच्या सीटवर एक बाप आणि त्याची सात-आठ वर्षांची लेक बसली होती.

"आज आईपाशी शहाण्यासारखी वागू नकोस गं."

"का? मी काय केलं?"

"काल तिनं दिलेलं दूध तू सायीसकट गटागटा प्यायलीस. तू बाहेर गेल्यावर ती रडली."

"पण मी तोंडसुद्धा वाकडं केलं नाही!"

"म्हणूनच रडली. म्हणाली, पोरीला सगळं कळलंय."

"आत्या फोनवर बोलत होती, तेव्हा मी ऐकलं."

"मीच सांगणार होतो गं तुला. धीर झाला नाही."

"मग आता काय करू?"

"पूर्वीसारखा हट्ट कर. भांड तिच्याशी. तिला तेवढंच हवंय."

"कसलाही हट्ट चालेल?"

"कसलाही."

"मग मी म्हणेन, आत्ताच्या आत्ता घरी चल. नाही आलीस तर मी जेवणारच नाही."

बाप खिडकीबाहेर बघत राहिला. पोरीनं त्याची बाही ओढली.

"बाबा, हा हट्ट नको का? बरं, राहू दे. मी सायीवरूनच भांडते."