दोरीचं दुसरं टोक

बांधून? बांधून ठेवलंय म्हणाली ती? समोरची मास्तरीणच म्हणाली असणार, दुसऱ्या कुणाला एवढा वेळ आहे — बसा बाई, त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लुळा आहे, ह्या पेटीवर बसा — बांधून ठेवायला नवरा म्हणजे काय बकरी आहे? हे बघा. माझा हात बघा आधी. आहे ना दोरी? आता मला सांगा, बांधणाऱ्याच्या मनगटाला कधी दोरी असते का? हिची दोन्ही टोकं गाठ मारलेली आहेत. एक माझ्या हाताला, एक आत त्यांच्या. मध्ये हे दार. नुसतं लोटलंय, कडी नाही घातलेली, आणि ही दोरी खालच्या फटीतून जाते, बघा उंबऱ्याला कशी खाच पडलीये तिची. म्हणजे कैदेत असलो तर दोघंही आहोत. तसं लिहून घ्या हवं तर. नाही लिहीत? बरं. पण गाडी उभी केलीत ना खाली, मी खिडकीतून पाहिली. नुसती विचारपूस करायला कुणी आडवं झोपवायची गाडी घेऊन येत नाही. तुमचं ते म्हाताऱ्यांचं घर चांगलं असेल, मी वाईट म्हणत नाही. पण आमच्या माणसाला तिथे कोण काय सांगणार, आणि कसं? तुम्हाला आधी ह्या दोरीचं कळायला हवं. चहा टाकू? हात एकच मोकळा आहे पण येतो मला करता.

आमचे हे पेंटर. भिंतींचे नव्हे हो, पाट्यांचे. ह्या रस्त्यावरची अर्धी दुकानं त्यांच्या अक्षरांनी ओळखली जायची. मला एक अक्षर वाचता येत नाही, पण कुठलं अक्षर त्यांच्या हातचं आणि कुठलं दुसऱ्याच्या ते मी आजही सांगेन — त्यांच्या अक्षराला पोट असायचं, दुसऱ्यांची उपाशी दिसतात. बोलायचं मात्र नाव नाही. लग्न झालं तेव्हा माझ्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, अगं, मुका आहे का गं, आपल्याला फसवलं तर नाही? मी म्हटलं नाही गं, काल रात्री म्हणाले, उशी पाहिजे का. तेवढंच म्हणाले होते! आणि सुट्टीच्या दिवशी हा माणूस पहाटेच गायब. कुठे, तर मासे धरायला. मी म्हटलं मलाही न्या. तर माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी म्हटलं मला शिडीवर चढवा. कारण मी बडबडी, आणि पाण्यापाशी बोललं की मासा पळतो. मी म्हटलं, तोंडाला शिलाई घालते, पण न्या.

तर अशी आली ही दोरी. पाटी रंगवायची तर आधी सरळ रेघ लागते ना — मग दोरीला निळी पूड फासायची, दोन्हीकडून ताणून धरायची, मध्ये उचलून सोडायची, टप्प — भिंतीवर रेघ. तीच दोरी. ओढ्यावर ते वर वळणापाशी बसायचे, मी खाली, मध्ये झाडोरा, एकमेकांना दिसायचो नाही. हाक मारायची नाही, दगड टाकायचा नाही, पाय आपटायचा नाही. मग मनगटाला मनगट जोडलं. एक हिसका म्हणजे मी आहे. दोन म्हणजे लागला, गळाला लागला. तीन म्हणजे ये. बस्स, एवढीच आमची भाषा, आणि खरं सांगू बाई, घरात कधी बोललो नसू तेवढं त्या पाण्यावर बोललो. उगाचच एक हिसका द्यायचे. मी आहे. मीही द्यायची. मी आहे. दिवसभर तेच. आमची जाऊ एकदा आली होती सोबत, हसून हसून लोळली. म्हणाली, दावं बांधलंय की गं तुला, चरायला सोडलंय का? मी म्हटलं वहिनी, दोन्ही टोकांना दावं आहे, कोण कुणाला चारतंय ते आधी ठरवा. ती पुन्हा आली नाही. बरंच झालं, ढेकरा फार द्यायची.

तळ्यावर मजा नाही यायची तेवढी, तळ्यावर माणूस समोर दिसतो. तिथे हात. असा हात केला की काठी वर कर, असा केला की थांब. आणि हा, उलट्या पंजाने असा — म्हणजे बाजूला हो, सावली पडतीये तुझी पाण्यावर. हा हात मला फार मिळायचा. मी रुंद बाई, माझी सावलीही रुंद. नाही, चिडून नव्हते करत. माशी वारतात ना, तेवढंच.

हो, तुमचं मनगटाचं. येते तिकडे. मास्तरणीने निळं पडलंय म्हणून सांगितलं असेल. अहो निळंच असणार, दोरी निळीची आहे, एवढी वर्षं पूड मुरलीये तिच्यात. माझंही बघा. बोट ओलं करून घासा — हं, घासा — निघतंय ना थोडं? निघतंय. माझं निघतं. त्यांचं… त्यांचं सगळं नाही निघत. राहू दे. चहात साखर किती?

शिडीवरच होते, झटका आला तेव्हा. औषधाच्या दुकानाची पाटी, शेवटचं अक्षर अर्धं राहिलं. ते दुकानदाराने तसंच ठेवलंय, चांगला माणूस. एक बाजू गेली, वाचा गेली. लोक हळहळले, वाचा गेली हो पेंटरची. मी मनात म्हटलं, होती कुठे! हसा, हसा, मीही हसले होते. दवाखान्यातून घरी आणलं, आत त्या खाटेवर निजवलं, आणि मी इथे ओट्यापाशी. आता ह्यांना पाणी हवं, कूस बदलायची, तर बोलावणार कसं? घंटा दिली, ती फेकली. आणि मग मला आठवली. माळ्यावरून काढली, बांधली त्यांच्या चांगल्या हाताला, इकडे माझ्या, आणि मी इथे येऊन एक हिसका दिला. मी आहे. बाई, थोडा वेळ काहीच नाही. आणि मग आला तिकडून. बारीकसा. मी आहे. मी इथेच मटकन बसले, ह्या फरशीवर, आणि रडले की हसले ते मला सांगता येणार नाही. भात करपला. तेव्हापासून ही सुटली नाही. आंघोळीलाही नाही. म्हणून म्हणते, नेऊ नका. तुमच्याकडे पन्नास खाटा असतील, शंभर बाया असतील मायाळू, पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण असेल? ते हिसका देतील आणि टोक नुसतं जमिनीवरून सरपटत येईल. मेले तर चालेल, पण तसं नको.

ओळखतात का? म्हणजे काय ओळखतात का! दिवसभर बोलावतात. तीन, तीन, तीन. ये, ये, ये. न ओळखता बोलावतं का कुणी? सकाळपासून किती वेळा बोलावलं मला.

गेले ना. म्हणजे… जात होते.

जात होते मी. थांबा, नीट सांगते, उगाच तुमचा गैरसमज नको. आधी जायची, धावत जायची. मग काय झालं, मागचा हिवाळा असेल — तीन हिसके आले, मी गेले, उभी राहिले खाटेपाशी, आणि ते माझ्याकडे बघेनात. माझ्या मागे बघतायत. मान वाकडी करून, ह्या बाजूने, त्या बाजूने. मला वाटलं खिडकीत काही आहे. मी म्हटलं काय हवं, पाणी? आणि त्यांनी हात केला. उलट्या पंजाने. बाजूला हो. मी सरकले. पुन्हा केला. बाजूला हो, बाजूला हो, आणि दोरीवरून नजर फिरवत फिरवत दाराकडे, आणि पुन्हा तीन हिसके. माझ्या हाताला बांधलेली दोरी, मी समोर उभी, माझा हात हलतोय त्यांच्या हिसक्याने — आणि ते बोलावतायत तिला. दाराबाहेर आहे ती. दोरीच्या टोकाला. कधी येणार म्हणून बघतायत. आणि ही कोण म्हातारी मध्ये येऊन उभी आहे, तिला बाजूला करतायत.

नाही, रडत नाहीये मी. धूर आहे. गॅसला धूर नसतो माहितीये मला.

मग मी इथे आले, आणि एक हिसका दिला. फटीतून बघितलं. असे शांत झाले, असा चेहरा झाला बाई, तुम्हाला काय सांगू, ओढ्यावरचा. तेव्हा मला कळलं की इथे बसले तरच मी त्यांची बायको. आत गेले की परकी. मग कशाला जाऊ? तुम्ही गेला असतात? ताट ठेवायला जाते, खाली मान घालून ठेवते आणि निघते. माझ्या हातून खात नाहीत, दात आवळतात. स्वतःच्या हाताने जातं थोडं, थोडं सांडतं. कपडे ते झोपले की बदलते. कधी झोपतच नाहीत. मग राहतं तसंच. वास येतोय का तुम्हाला? येत असेल. मला येत नाही आता. त्यांच्या पाठीला झालंय थोडं, पडून पडून. थोडं म्हणजे… आहे तळव्याएवढं.

तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. सांगते ना. मास्तरीण ओरडणं ऐकलं म्हणाली ना, तेही सांगते, लपवायचंय कुठे मला. गेल्या आठवड्यात दुपारी मी इथे भांडी घासत होते, आणि दोरी ताणली गेली. हिसका नाही — ओझं. सावकाश, जड, खाली खाली जाणारं. बाई, वाम मासळी माहितीये तुम्हाला? सापासारखी लांब असते. ती हिसके देत नाही, ती दगडाखाली शिरते आणि नुसती जड होते, आणि तेव्हा ढील दिली की गेली. धरून ठेवायचं असतं. मला काय झालं कुणास ठाऊक, माझ्या अंगात ओढाच आला. मी पाय रोवले ओट्याला, हा हात मागे घेतला आणि धरलं. हात भरून आले, तरी धरलं. मी खूश होते! हसत होते मी, एकटी, ह्या स्वयंपाकघरात, मोठी लागलीये म्हणून, आता त्यांना दोन हिसके देते म्हणून — आणि तिकडे ते ओरडायला लागले. खाटेवरून घसरले होते. दोरीचं टोक शोधायला निघाले असतील. अर्धे खाली, अर्धे वर, आणि त्या एका हाताने लोंबकळत होते, आणि त्या हाताला मी धरून होते. इकडून. घट्ट.

मास्तरीण धावत आली तेव्हाही मी सोडलं नव्हतं.

तर ते निळं असं आहे. निळीचं नाही ते.

आता काय लिहाल? लिहा. तुम्हाला वाटत असेल म्हातारीचं डोकं गेलंय. एकाचं गेलंय आत, एकीचं बाहेर, आणि मध्ये दोरी. पण मी सोडते म्हटलं तर त्यांनी काय करायचं, सांगा ना, तुम्ही शिकलेल्या आहात, कोण उत्तर देईल त्यांना? मी गेल्या आठवड्यापासून उत्तर देत नाही. हात उचलत नाही माझा. भीती वाटते. ते बोलावतायत आणि मी नुसती बसते, त्यांचे हिसके खात. चहा गार झाला तुमचा.

थांबा. आला. बघा, हात बघा माझा, मी हलवत नाहीये — एक. दोन. तीन.

नाही, मी नाही जात. काय करू जाऊन?

तू जा.

तू जा पोरी. किती वय तुझं? असेल, तेवढंच असेल. त्या वयात मी अशीच होते, अंगाने जरा भरलेली. जा. दार ढकल, आणि काही बोलू नकोस, नाव बिव सांगू नकोस. नुसती जाऊन उभी राहा. ते माझ्यासाठी नाही, तुझं काम म्हणूनच जा, तुला बघायचंच होतं ना त्यांना. जा.

गेलीस?

काय करतायत? हात केला का? उलटा? नाही?

मग काय करतायत? सांग ना. मान हलव तिथूनच, मला फटीतून तुझी पाठ दिसतीये फक्त.

बोट धरलं? तुझं?

हसतायत?

बरं.

बरं. मग त्या खालच्या गाडीवाल्याला हाक मार आणि उचला. सदरा आत खुंटीला आहे. मी माझी गाठ सोडलीये, हे टोक तू घे, गाडीत तुझ्या हाताला बांध, तिथे पोचेपर्यंत तरी. नाही, मी येत नाही समोर. मला बघितलं की जाईल ते हसू, तोवर न्या. न्या म्हणते ना. उभी काय राहिलीस — जा.