मधली खुर्ची

आमचा लग्नानंतरचा पहिला सिनेमा कसा झाला, ते ऐकाच. लढाऊ विमानांच्या त्या गाजलेल्या जुन्या सिनेमाचा दुसरा भाग रायपूरला लागला होता. दोघंच जायचं म्हणून ह्यांनी गुपचूप तिकिटं काढली, आणि ती नेमकी सासऱ्यांना ह्यांच्या मोबाइलवर दिसली.

"पहिला भाग आम्ही नागपूरला पाह्यला होता, नवीन लग्न झाल्यावर. तेव्हापासून वाट पाहून राहिलो मी."

"तो चलिए ना बाबा," हे त्यांच्या रायपुरी हिंदीत म्हणाले. मी मान डोलावली. नवी सून काय बोलणार?

आणखी दोन तिकिटं निघाली. तेलीबांध्याच्या थेटरात सासरे थेट आमच्या दोघांच्या मधात बसले, पॉपकॉर्न मांडीवर घेऊन. माझ्या दुसऱ्या बाजूला सासूबाई.

पहिलं विमान उडालं तशा सासूबाई माझ्यावरून वाकल्या. "उठा. तिले तिथं बसू द्या."

"काहून? इथून बेस दिसून राहिलं."

"पहिल्या भागात तुमची आई बसली होती आपल्या मधात," त्या शांतपणे म्हणाल्या. "दुसऱ्या भागात तरी कहाणी पुढं सरकू द्या."