अम्मीचे चाळीस सेकंद

न्हाय, लॅपटॉप उघडू नका सोमेशसर. बसा, पण ते उघडू नका. काल बघितलं की मी सगळं, हॉलमधी, तिसऱ्या रांगेत बसून — तुमचे पुण्याचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत व्हते, काळ कसा पकडलाय म्हणत व्हते. काळ कसला, आमची अम्मी हाय ती. मदिनाबी. वर्षभर आमच्या बोळात खोली घेऊन राहिलात, रोज सकाळी दहाला ह्याच उंबऱ्यात कॅमेरा लावलात — अम्मी उखळात शेंगाची चटणी कुटतीय आणि तुमी मिनिटभर चित्र घेताय. त्यातले पाच-पाच सेकंद ठेवले, वर्ष अर्ध्या तासात बसवलं. बसवा की, कोण नको म्हणतंय?

पण पडद्यावर फेब्रुवारी आला आणि मी बघतीय — अम्मीच्या उजव्या हातातनं मुसळ निसटतंय. दुसऱ्या दिवशी मुसळ डाव्या हातात. मग तोंड जरासं वाकडं. आठ दिवस, चाळीस सेकंद. तिथनं पुढं शेवटपतूर नुसतं रिकामं उखळ. लकवा मारला तवा डॉक्टर विचारत व्हते, आधी काय दिसलं व्हतं का — आमी म्हणलो, न्हाय, एकाएकी झालं. एकाएकी कुटलं? तुमच्याकडं आठ दिवसांचं चित्र पडलेलं, आणि तुमी गप. माणूस चाललंय हातातनं आणि तुमी उजेड बघताय?

काय? ... व्हय. विचारलं व्हतं. आज डावा हात का म्हणून मला विचारलं व्हतं. मी म्हणले, थकली असंल. दुधनी गावातल्या लग्नाची चटणीची ऑर्डर व्हती, वीस किलो, शुक्रवारी पोचवायची — मला काय सुचत व्हतं तवा?

पण तो आवाज कशाला ठेवला? तोवर नुसता मुसळाचा आवाज, आणि नेमकं तितं आतनं मी बोलतीय — 'अम्मी, हात चालव की जरा.' अख्ख्या हॉलनं ऐकलं. शेजारची झीनत माझ्यासंगं आलती, परतताना दुसऱ्या रिक्षात जाऊन बसली. ते काढा. चित्र ठेवा, कुटं दाखवायचं तितं दाखवा, माझा आवाज तेवढा काढा. खरं हाय म्हणून ठेवलं म्हणता? अख्ख्या वर्षाचा अर्धा तास केलात, तवा खरं कुटं गेलतं?

आणि अम्मीला दाखवायला आणलं असंल, तर न्हाय. तिला काय कळतंय असं समजू नका. बोलता येत न्हाय तिला, ऐकू सगळं येतंय — ह्या भिंतीच्या पलीकडंच खाट हाय तिची, आपण हितं काय बोलतोय ते सगळं —

उठा. जावा तुमी.