बिनपावतीची घोडी

नाव: ओळखपत्रात आहे तेच, प्रत सोबत जोडली आहे. दुकानात मला ‘शाईराव’ म्हणतात. वय: तेवीस वर्षे. शिक्षण: आठवी पास, नववी अर्धी. धंदा: मामांच्या लॉन्ड्रीत कपड्यांवर खूण घालणे, वाळत घालणे व घडी करणे. राहणार: लॉन्ड्रीच्या मागची खोली, वाळवणाच्या मैदानाला लागून.

मी आज आपल्या पायांनी ठाण्यात आलो असून जे पाहिले व केले तेवढेच सांगत आहे. माझ्यावर घोडे चोरल्याची तक्रार झाली, त्याबद्दल हा जबाब आहे. माझे अक्षर पाहून हवालदारबाईंनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, “तूच लिही. घोडं नक्की कुठं पेंड खातंय तेवढं लिही, चादरींचं पुराण नको.” पण चादरींशिवाय हे सांगता येत नाही, म्हणून त्या येतील.

लॉन्ड्रीच्या मागे मोकळे मैदान आहे, ते मामींच्या नावावर आहे. तीन बाजूंना तारेचे कुंपण व चौथ्या बाजूला आमची भिंत आणि फाटक. मैदानात कपड्यांच्या दोऱ्या बांधलेल्या आहेत. दोऱ्यांखालचे गवत आम्ही मुद्दाम राखतो, कारण उघड्या मातीची धूळ ओल्या कपड्याला धरते. हे गवत आम्ही विकत नाही आणि कोणाची जनावरे त्यावर चारू देत नाही. हे शेजारीपाजारी सर्वांना माहीत आहे, असे मी समजत होतो.

सोमवारी सकाळी मी लॉजच्या चादरी काढण्यास मैदानात गेलो. चादरींना खळ दिलेली होती. एक चादर ओढली, ती येईना. पुन्हा ओढली, तेव्हा पलीकडून कोणी तरी ओढली. चादरीमागे पांढरा घोडा होता, तो मला चादरीच्या रंगामुळे आधी दिसला नाही. तो खळ चाटत होता. त्याशिवाय दोन तपकिरी घोडे व एक तांबूस रंगाची म्हातारी घोडी, असे एकूण चार मैदानात होते. बऱ्याच चादरींना हिरवी लाळ लागली होती.

मी कुंपण फिरून पाहिले. मागच्या बाजूची तार सोडून पुन्हा बांधलेली होती. आम्ही तारेला नुसता पीळ मारतो. ही गाठ दोरीला मारतात तशी होती. त्यावरून जनावरे भटकत आलेली नसून कोणी तरी आणून सोडली, असे माझे मत झाले. मामींचेही तेच मत पडले. त्या म्हणाल्या, “आपणहून आले असतील, तर आत येऊन तार बांधून घेतली म्हणायची. गुणी लेकरं.” मामा म्हणाले, “मी चादरी वाळत घालायला सांगितल्या होत्या. हाकल आधी.”

मामांच्या सांगण्यावरून मी फाटक उघडून त्यांना हाकलले. फाटकासमोर मोठा रस्ता आहे. एक तपकिरी घोडा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. एका ट्रकला जोरात ब्रेक लावावा लागला. ट्रकवाल्याने मला जे म्हटले ते येथे लिहीत नाही. घोडा मेला असता, ट्रकवालाही मेला असता, हे लक्षात येऊन मी तिघांना परत आत घेतले. तिघांना म्हणण्याचे कारण, म्हातारी बाहेर गेलीच नव्हती. ती मागचा डावा पाय उचलून फाटकापाशी उभी होती.

त्याच दिवशी मी या ठाण्यात येऊन विचारले. टेबलावरच्या साहेबांनी सांगितले की जनावरे रस्त्यावर सोडू नयेत, नोटीस लावावी व मालकाची वाट पाहावी. नंतर मी कोंडवाड्यावर गेलो. तेथील माणूस म्हणाला, “गाय, म्हैस, शेळी. घोड्याला आमच्याकडे खुंटा नाही.” मी विचारले, गाईच्या खुंट्याला घोडा बांधला तर चालेल का? त्याने खिडकी लावून घेतली.

परत येऊन मी कुंपणाला नोटीस लावली. मजकूर असा: ‘ही जागा खाजगी आहे. येथे चार घोडे विनापरवानगी सोडलेले आढळले. मालकाने ओळख पटवून घेऊन जावे.’ तोच मजकूर पुठ्ठ्यावर लिहून पांढऱ्या घोड्याच्या गळ्यात बांधला. तो पुठ्ठा दुपारी तपकिरी घोड्याने खाल्ला.

मंगळवारी एक भंगारवाला आला व म्हणाला की दोन्ही तपकिरी घोडे त्याचे आहेत. मी विचारले, कोणता पाय घोट्यापाशी पांढरा आहे? तो म्हणाला, “पुढचा.” त्यांचा एकही पाय पांढरा नाही. मी तसे सांगितल्यावर तो निघून गेला. मला काळजी वाटू लागली की उद्या कोणीही येईल आणि ‘माझे’ म्हणेल, आणि खरा मालक आला की मी काय दाखवणार?

आमच्या धंद्याची रीत येथे सांगणे भाग आहे, कारण तक्रार त्यावरूनच झाली आहे. लॉन्ड्रीत आलेल्या प्रत्येक कपड्यावर धुण्यात न जाणाऱ्या शाईने खूण घालतात, म्हणजे तो ज्याचा त्यालाच जातो. खूण दिसेल अशा जागी घालायची नसते. कॉलरच्या आत, शिवणीच्या खाली घालतात, नाही तर कपड्याची शोभा जाते. ज्या कपड्याचा मालक कळत नाही त्याला आम्ही एक गोल व आत ठिपका घालतो. त्याचा अर्थ, हा आपला नाही, वापरायचा नाही, विकायचा नाही, मागायला येईल त्याला द्यायचा. असे कपडे आम्ही ‘बिनपावतीच्या फडताळात’ ठेवतो.

म्हणून मी मंगळवारी संध्याकाळी चारही घोड्यांना गोल व ठिपका घातला. जागा डाव्या बाजूला, मानेवर, आयाळ उचलून तिच्या खाली. शोभा जाऊ नये एवढाच हेतू होता. मामा भिंतीपाशी उभे राहून बघत होते. ते फक्त म्हणाले, “शाई जपून.” तिघांनी खूण मुकाट्याने घालू दिली. म्हातारीने दचकून मान फिरवली, तेव्हा तिची खूण जरा लांबट झाली आहे.

तिच्या मागच्या डाव्या पायाचा खूर फाटून आत सडला होता व वास येत होता. मी औषधाच्या दुकानातून जखम धुवायचे जांभळे पोटॅश आणून रोज पाय धूत होतो. पोटॅशचा डाग कपड्यावरून निघत नाही, म्हणून हे काम दोऱ्यांपासून लांब, मैदानाच्या कोपऱ्यात केले. दोऱ्या हातभर वर घेतल्या. मामी रोज म्हणत, “तुला लॉन्ड्रीत ठेवलंय की तबेल्यात?” आणि भाजीची देठे मोरीवर ठेवून जात. देठे मीच मैदानात नेत होतो. मामींनी ती कशासाठी ठेवली हे त्यांनी कधी सांगितले नाही.

शनिवारी दुपारी घोडेवाला आला. त्याला मी पूर्वी पाहिलेले नव्हते. त्याच्या खांद्यावर तीन म्होरक्या, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या दोऱ्या, होत्या. त्याने कुंपणापाशी उभे राहून शीळ घातली. चारही घोड्यांनी माना वर केल्या. तिघे त्याच्याकडे गेले. त्याने पांढऱ्याच्या मानेवरून हात फिरवला, आयाळ बाजूला केली आणि खूण पाहिली. मग बाकीच्यांच्या माना पाहिल्या.

त्याचे व माझे बोलणे असे झाले. तो म्हणाला, “हे कुणी केलं?” मी म्हणालो, “मी. लॉन्ड्रीची खूण आहे.” तो म्हणाला, “जनावर आहे ते, पायजमा नाही.” मी म्हणालो, “मालक माहीत नव्हता म्हणून.” तो म्हणाला, “म्हणून आपलं नाव घातलंस? तेही आयाळीखाली लपवून? चोराशिवाय कोण लपवून खूण करतो रे?” मी रीत सांगू लागलो, परंतु मला बोलताना घाई होते व मी शिवणीपासून सुरुवात केली. मामी मध्ये पडून म्हणाल्या, “आधी आमच्या गवताचं बोला. विचारून सोडली होतीत का?” तो म्हणाला, “गवत उद्या उगवेल, बाई. ही शाई कशी जायची?” मी सांगितले की ती जात नाही, केस गळतील तेव्हा जाईल. हे त्या वेळी सांगायला नको होते, असे मामा नंतर म्हणाले. तो घोडे तसेच ठेवून ठाण्यात आला व आपले चार घोडे चोरल्याची तक्रार दिली.

त्या दिवसापासून मी नीट जेवलेलो नाही. मी दुकानात खूण घालतो. ज्याच्यावर चोरीचा आळ आला त्याच्या हातात लोक कपडे देत नाहीत.

काल रविवारी मोठे साहेब, हवालदारबाई, जनावरांचे डॉक्टर व घोडेवाला मैदानात आले. साहेबांनी खुणेचा अर्थ विचारला. मी सांगू लागलो, तेव्हा मामा म्हणाले, “तू थांब.” ते आत जाऊन बिनपावतीच्या फडताळातला लोकरीचा कोट घेऊन आले आणि कॉलर उलटून दाखवली. आत गोल व ठिपका होता. साहेबांनी तो घोड्याच्या मानेशी धरून पाहिला. खूण सारखीच होती, तसे पंचनाम्यात लिहिले आहे.

घोडेवाल्याने कोट हातात घेतला. तो म्हणाला, “कधीचा आहे?” मामा म्हणाले, “हा पोरगा यायच्या आधीचा.” तो म्हणाला, “चांगला आहे की. कुणी घातला नाही?” मामींनी सांगितले, “हे दर थंडीत कुडकुडतात, पण त्याला हात लावत नाहीत.” मामा म्हणाले, “आपला नाही तर घालायचा कसा?” घोडेवाल्याने कोट घडी करून परत दिला. घडी त्याला जमली नाही, ती मी नंतर पुन्हा केली. तो साहेबांना म्हणाला, “चोरीचं माझं काही म्हणणं नाही.”

त्यानंतर डॉक्टरांनी म्हातारीचा पाय पाहिला. ते म्हणाले की खूर जुना बिघडलेला आहे, येथे आल्यावर बिघडलेला नाही. तिला पुढे पुष्कळ दिवस मऊ जमिनीवर ठेवावी लागेल. डांबरी रस्त्यावर कामाला लावली तर ती संपेल. साहेबांनी घोडेवाल्याला विचारले, “ऐकलंस का?” तो म्हणाला, “ही माझी नाही.” साहेब म्हणाले, “काल चार लिहून दिलेस.” तो म्हणाला, “रागात एक जास्त झालं.” साहेब म्हणाले, “घोडे म्हणजे काय गव्हाचे दाणे, मोजताना चुकायला?”

मग साहेबांनी मला विचारले, “तू खरं सांग. चारही एकत्र आले होते का?” मामींनी माझ्याकडे पाहिले. मामा कोटाकडे पाहत होते. मी आधी म्हातारीकडे पाहिले, हे पंचनाम्यात नाही, पण तसे झाले. नंतर मी सांगितले ते येथेही लिहितो. चारही एकत्र होते. तार एकाच गाठीने बांधलेली होती. घोडेवाल्याने शीळ घातली तेव्हा म्हातारीनेही मान वर केली व एक पाऊल पुढे टाकले. पुढचे टाकता आले नाही.

साहेब म्हणाले, “म्हणजे तुझीच.” घोडेवाला म्हणाला, “तो म्हणो काहीही. माझी नाही.” साहेबांनी तसे लिहून त्यावर त्याचा अंगठा घेतला व पुन्हा कोणाच्या जागेत विनापरवानगी जनावरे सोडू नयेत अशी समज दिली. गवताबद्दल व चादरींबद्दल आमची तक्रार नाही. चादरी पुन्हा धुऊन लॉजला पोचत्या केल्या आहेत.

घोडेवाल्याने तिघांना म्होरक्या घातल्या. फाटकातून जाताना तो माझ्यापाशी थांबला व हळू म्हणाला, “डावीकडून जाऊ नकोस तिच्या. त्या डोळ्यानं कमी दिसतं तिला. आधी आवाज द्यायचा, मग हात.” तो हे कसे जाणतो, असे मी विचारले नाही. साहेब त्या वेळी जीपकडे गेले होते, म्हणून हे येथे लिहीत आहे. ते गेल्यावर म्हातारी कुंपणाच्या कडेने शेवटच्या खांबापर्यंत चालत गेली व तेथे उभी राहिली. मी दोऱ्यांवरचे कपडे काढले.

आता तिचे काय करणार, असे साहेबांनी विचारले आहे. त्याचे उत्तर असे की, गिऱ्हाइकाने आपला कपडा पाहून ‘माझा नाही’ म्हटले तर आमच्याकडे वाद घालत नाहीत. कपडा फडताळात जातो. घोडी फडताळात मावत नाही, म्हणून ती मैदानात राहील. मामींची परवानगी आहे. त्यांनी ती तोंडी दिली असून वर ‘खायला काळ’ असेही म्हटले आहे. माझा तिच्यावर मालकीचा दावा नाही व पुढेही असणार नाही. कोणी मागावयास आल्यास तिची ओळख अशी आहे: तांबूस रंग, मागचा डावा खूर फाटलेला, मानेवर डाव्या बाजूला आयाळीखाली गोल व ठिपका, गोल जरा लांबट. नवे केस आले की ही खूण जाईल. ती गेल्यावर मी दर वर्षी पुन्हा घालीन, आधी आवाज देऊन.

हे मी लिहिले, मग हवालदारबाईंनी मोठ्याने वाचले. दोन्ही वेळा तेच निघाले. त्यात कमीजास्त काही नाही, म्हणून खाली सही करतो.