चित्र दाबलं की मशीन सुरू

नाही, नाही काका, मशीनला काही झालेलं नाही — मशीन ठणठणीत आहे, हात लावून बघा. अडलंय ते या कॉम्प्युटरपाशी. म्हणजे कॉम्प्युटरही चालतो, त्याच्यापुढे मीच चालत नाही. दारांच्या फळ्यांवर नक्षी कोरतं हे मशीन. पण त्याचा प्रोग्राम जुना, काळ्या खिडकीत टाइप केल्याशिवाय सुरूच होत नाही — आणि टाइप करायचा माझा दादा. आज बावीस दिवस झाले दादाला जाऊन. मला एवढंच करून द्या, इथे स्क्रीनवर एक चित्र. दोनदा दाबलं की मशीन सुरू. सोमवारपासून वहिनी बसणार आहे या खुर्चीवर, घर आता यावरच आहे. मला? मला नाही येत. पाचवीत शाळा सोडली मी — सोडली कसली, मास्तरांच्या अंगावर धावून गेलो, त्यांनी हाकललं. रंधा द्या, पटाशी द्या, मग बघा माझा हात. इंग्रजी अक्षर शोधायचं म्हटलं की माझी संध्याकाळ होते.

चित्र आधी होतं की! दादानेच केलं होतं. गेलं कुठे म्हणजे — माझ्यामुळे गेलं. मी दाबलं, काही दिसेना, परत दाबलं, परत दाबलं, स्वभावच तसा, दाराची बेलसुद्धा मी एकदा वाजवून थांबत नाही — आणि एकदम पाच काळ्या खिडक्या उघडल्या, मशीनचं डोकं फळीत घुसलं, पातं तुटून पार त्या भिंतीपर्यंत. तिथे खोक पडलीय ना, तीच. दादा ओरडला नाही. चित्र पुसून टाकलं आणि म्हणाला, “गाढवा, तुझ्या हातात बटण दिलं की तू दाबतच सुटतोस. उद्यापासून टाइप मी करणार, तू फळ्या लाव.” मी म्हटलं, “बरं झालं, डोक्याचा ताप गेला.” हसलो आम्ही दोघं. तेव्हापासून रोज सकाळी त्याला यायलाच लागायचं.

काय टाइप करायचा ते? आहे माझ्याकडे, हा पुठ्ठा घ्या. अक्षराला हसू नका, माझंच आहे. दादाने फोनवर एकेक अक्षर सांगितलं आणि मी लिहिलं, मग तसंच बघून टाइप केलं. कधी म्हणजे — त्याच दिवशी. अंगात ताप होता, घरी एकटाच झोपला होता तो. फळ्या त्याच संध्याकाळी द्यायच्या होत्या. टाइप केलं तर काही होईचना, काळं ते काळंच. मी चिडलो. म्हटलं, “मला नाही जमत तुझं हे, तू ये आणि कर.” फोन ठेवूनच दिला. तो निघाला. वळणावर चक्कर आली असणार, गाडी उभ्या ट्रकवर…

हे मी काय बोलून बसलो. काका, घरी माहीत नाही हं हे. घरी सगळ्यांना वाटतं तो आपणहून निघाला. वहिनी त्याच्यावर रागावलीय — गेलेल्या माणसावर! त्याच्या फोटोकडे बघत नाही. म्हणते, एवढा ताप असताना मशीन मशीन करत गेला, आमचा विचार नाही केला. आणि मी समोर बसून मान हलवतो. तिने एकदा विचारलंही, कुणी बोलावलं होतं का. नाही म्हणालो. तोंडातून निघून गेलं, आता परत कसं घेऊ?

केलंत टाइप? बघा, बघा — हेच ते. काळं. नुसती ती पांढरी रेघ लुकलुकतेय. त्या दिवशी हुबेहूब असंच. बंद करा, मीच चुकीचं लिहिलंय काहीतरी. थांबू? किती थांबू? जुना आहे म्हणून वेळ घेतो — मिनिटभर? दादा पण फोनवर तेच म्हणत होता, थांब, अरे थांब. तो मला जन्मभर थांबच म्हणत आलाय काका, मला वाटलं ओरडतोय. मी खिडकी बंद केली. तीनदा बंद केली —

हललं. काका, मशीनचं डोकं हललं.

म्हणजे पुठ्ठ्यावरचं बरोबर होतं? सगळं? नाही, तुम्ही काहीतरी दुरुस्त केलं असणार. एखादं अक्षर तरी. काय बदललंत, सांगा ना. काहीच नाही कसं? काहीतरी बदललं असं म्हणा ना हो.

करा, ते चित्र करा. नाव काहीही द्या. झालं? एवढ्यात?

ये वहिनी, ये. हे कॉम्प्युटरवाले काका. हो, झालं काम, तू दाबून बघ. दोनदाच, मग मिनिटभर थांबायचं, आपोआप सुरू होतं… झालं ना? हो, इतकंच होतं. इतकंच असतं. काय? मग तो तापात उठून कशाला आला ते — ते मला काय माहीत, वहिनी, मी काय…

काका, माझ्याकडे काय बघताय? तुमचं काम झालं ना? मग निघा. निघा म्हणतो ना.